होंडुरासचे पाणी सोडणारे

शनिवार, ५ जानेवारी २०१९. तेगुसिगाल्पा

तेगुसिगाल्पाला, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या राजधानीत, उतरायचं तर विमानाला डोंगरांच्या वाटीत शिरून अगदी शेवटी वळण घ्यावं लागतं. खिडकीतून खालची घरं इतकी जवळ आली की गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजता आले असते. चाकं टेकल्यावर मागच्या सीटवरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळं विमानच टाळ्या वाजवू लागलं. खंबाटकी घाट उतरवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला अशा टाळ्या कधी कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

आम्ही अकरा विद्यार्थी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या 'अग्वाक्लारा' या प्रकल्पात काम करणारे. प्रकल्प २००५ साली मन्रो वेबर-शर्क यांनी सुरू केला. ऐंशीच्या दशकात ते होंडुरासमधल्या, एल साल्वादोरहून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत काम करत होते, आणि इथल्या गावांच्या नळाला येणारं गढूळ पाणी तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं. काम थोडक्यात असं: वीज नाही, पंप नाही, तरी गावाला पुरेल इतकं पाणी शुद्ध करून देणारं केंद्र उभारायचं. विद्यार्थी इथाकाच्या (कॉर्नेलचं गाव) प्रयोगशाळेत एकेक भाग तपासतात, सुधारतात, आराखडे करतात. इथली 'आग्वा पारा एल पुएब्लो' (लोकांसाठी पाणी) ही संस्था गावकऱ्यांसोबत ते बांधते. दर जानेवारीत विद्यार्थ्यांची एक तुकडी आपण कागदावर काढलेलं प्रत्यक्षात कसं चाललंय ते बघायला येते.

माझ्या बॅगेत एका डबीत माझं स्वतःचं चार महिन्यांचं काम होतं, थ्री-डी प्रिंटरवर काढलेले सहा पांढरे जोड. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

विमानतळावरून जाताना चढावर एक पाण्याचा टँकर घरघरत चालला होता. ड्रायव्हर म्हणाला, राजधानीत बऱ्याच वस्त्यांना नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, वरच्या वस्त्यांना टँकरच. मी खटाव तालुक्यातला. टँकरचा आवाज मी झोपेतही ओळखतो.

रविवार, ६ जानेवारी. ओहोहोना आणि टामारा

सकाळी ओहोहोना. राजधानीच्या दक्षिणेचं जुनं वसाहतकालीन गाव, मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. रस्त्याच्या कडेला मडकी, कोंबडे, घंटा मांडून ठेवलेल्या. अग्वाक्लाराच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक इथे आहे.

मनात माझ्या जलशुद्धीकरण केंद्र म्हणजे साताऱ्याच्या शाळेच्या सहलीत पाहिलेलं भलं मोठं प्रकरण होतं: पॅनेल, मोटारी, 'स्पर्श करू नये'च्या पाट्या. इथे विटा-काँक्रीटच्या काही टाक्या, वर पत्रा, बाजूला फुलझाडं. पाण्याच्या खळखळीखेरीज कसलाही आवाज नाही, आणि टाक्यांना झाकणं नाहीत. पाणी कुठे बिघडतंय ते चालवणाऱ्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, म्हणून मुद्दाम उघड्या ठेवल्यात.

इथे काय चालतं ते मराठी माणसाला समजवायला फार वेळ लागत नाही. आजीने हंड्यात तुरटी फिरवलेली आपण पाहिलेली असते. तिच्या आधीच्या पिढीत निवळीचं बी माठाच्या आतून उगाळायचे, गाळ खाली बसायचा, पाणी निवळायचं. इथेही तेच, फक्त हंडा सतत वाहता आहे. तुरटीच्या जागी बहुतेक ठिकाणी पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे तिचाच चुलतभाऊ. वाहत्या हंड्यात तुरटी किती टाकायची, हीच सगळी गोम. नाल्याचं पाणी कधी कमी येतं, कधी जास्त.

त्यासाठी जी युक्ती केलीय ती मी प्रयोगशाळेत शंभरदा हाताळली होती, तरी इथे पाहताना पोटात गुदगुल्या झाल्या. पाणी आत येतं तिथे एक उभा पाइप आहे, त्याला भोकांच्या ओळी, खाली जास्त, वर कमी. भोकांचं गणित असं बसवलंय की पाणी दुप्पट आलं तर टाकीतली उंचीही दुप्पट वाढते. त्या पाण्यावर एक तरंगता गोळा, गोळ्याला दोरी, दोरीला तरफ. पाणी वाढलं की गोळा वर जातो, तरफेचं दुसरं टोक खाली झुकतं आणि त्या टोकाला लटकलेल्या नळीतून औषध जास्त पडू लागतं. पाणी ओसरलं की औषधही कमी. तरफेवर एक सरकती खूण असते. गढूळपणा वाढला तर खूण बाहेर सरकवायची, कमी झाला तर आत. ना सेन्सर, ना वायर. लोहाराच्या भात्यापेक्षा अवघड असं त्यात काहीही नाही.

पुढे पाणी आडव्या-उभ्या पडद्यांमधून वर-खाली वळणं घेत जातं. त्या घुसळणीत मातीचे कण एकमेकांना चिकटून दूध नासल्यासारखे पुंजके होतात. मग निवळण्याची टाकी. तिच्यात साठ अंशांत तिरक्या लावलेल्या पत्र्यांची रांग. पाणी वर चढतं, पुंजके पत्र्यावर टेकतात आणि कौलांवरून पाऊस घरंगळावा तसे खाली घसरतात.

दुपारी टामारा. राजधानीच्या उत्तरेला, महामार्गालगत. इथे वाळूचा फिल्टर पाहायचा होता. वाळूचा फिल्टर साफ करायचा तर खालून जोराने पाणी सोडून वाळू धुवावी लागते, त्यासाठी पंप लागतो किंवा उंच टाकी. अग्वाक्लाराच्या फिल्टरात वाळूचे प्रत्येकी वीस सेंटिमीटरचे सहा थर एकावर एक आहेत. गाळताना पाणी सहा वाटांनी विभागून प्रत्येक थरात शिरतं. धुताना तेच पाणी सगळं तळातून एकाच वाटेने सोडायचं, म्हणजे वाळूतला वेग आपोआप सहापट. नवीन पाणी नको, पंप नको. पूर्ण आकाराचा असा पहिला फिल्टर इथे टामारात बसला. चालवणाऱ्याने एक झडप उघडून सायफन सुरू केला, वाळू भातासारखी खदखदायला लागली, आणि आम्ही अकरा जण कठड्यावर वाकून आ वासून बघत राहिलो. तो आमच्याकडे बघत होता. त्याला त्या दृश्यात विशेष काही वाटत नसावं, आमच्यात वाटलं असेल.

सोमवार, ७ जानेवारी. तेगुसिगाल्पा

दिवसभर संस्थेच्या ऑफिसात आराखडे. लिहिण्यासारखं एकच. इथे गावाचं पाणी सरकार चालवत नाही, 'हुंता दे आग्वा' चालवते. म्हणजे गावाने निवडलेली पाणी समिती. देशात अशा हजारो आहेत. वर्गणी त्या गोळा करतात, माणूस त्या नेमतात, नळ त्या तोडतात. नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाला 'फोन्तानेरो' म्हणतात.

फोन्तानेरो हा शब्द ऐकला आणि मला नाना आठवले. माझे चुलते. ग्रामपंचायतीत पाणी सोडायचे. सरकारी कागदावर 'जलसुरक्षक', गावात 'नळवाला'. पहाटे चारला किल्लीचा दांडा खांद्यावर टाकून निघायचे. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकायचे, ती किती, तर 'हातानं कळतं'. पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी आलं की शिव्या नानांना, सरपंचाला नाही.

संध्याकाळी बालेआदा खाल्ला. गव्हाची जाड पोळी, आत लाल घेवड्याचं वाटण, साय, खारट चीज, सगळं अर्धवट दुमडलेलं. घेवड्यात मिरची नाही एवढीच खंत.

मंगळवार ते बुधवार, ८-९ जानेवारी. मार्काला

ला पास विभागातलं डोंगरातलं गाव. हवा महाबळेश्वरसारखी. हा कॉफी तोडणीचा ऐन हंगाम. रस्त्याने पाठीला परडी बांधलेली माणसं, पोरं, पिकअपमध्ये पोती, आणि गावभर आंबूस वास. मार्कालाच्या कॉफीला २००५ मध्ये होंडुरासातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, हे मला दोन दिवसांत किमान सात जणांनी सांगितलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनाही एवढा अभिमान नसेल.

आम्ही घरांमध्ये दोघे-दोघे राहिलो. आमच्या घरच्या बाई साठीच्या. इथे मोठ्या बायकांना 'दोन्या' आणि बाप्यांना 'दोन' म्हणतात. माझ्या कानाला दर वेळी आकडाच ऐकू यायचा, कुणीतरी हजेरी घेतंय असं वाटायचं. बाईंनी पहिल्याच रात्री विचारलं, तुमच्या देशात पाणी नळाचं पितात का उकळून? मी म्हटलं, शहरात फिल्टर, गावात गाळून. त्यांनी तोटीखाली ग्लास धरला आणि माझ्यासमोर गटागटा प्यायल्या. "पूर्वी असं करता येत नसे," म्हणाल्या. "पावसाळ्यात बादलीच्या तळाशी बोटभर चिखल." मग मला ग्लास भरून दिला. प्रवासाला निघताना डॉक्टरांनी नळाचं पाणी पिऊ नका म्हणून बजावलं होतं. मी प्यायलो. ज्या केंद्राचे आराखडे आपणच पाहतो त्याचं पाणी प्यायचं नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मार्कालाचं केंद्र ओहोहोनापेक्षा मोठं आहे, मागाहून वाढवलेलं. तिथल्या फोन्तानेरोंनी आम्हाला कॉफीचं दुखणं सांगितलं, आणि ते कुठल्याही आराखड्यात नव्हतं. कॉफीची फळं सोलून, आंबवून, धुतली जातात. त्या धुणाचं गोडसर आंबट पाणी, 'आग्वास मिएलेस', नाल्यात सुटतं. वरच्या शिवारात कुणी पाणी सोडलं की खालच्यांचा नाला काळा पडतो. माती तुरटीने बसते, हे पाणी तसं बसत नाही. त्यावर इलाज कुठे आहे? शेतकऱ्याशी बोलण्यात. समितीचे अध्यक्ष स्वतःच कॉफीवाले. हसून म्हणाले, आम्ही वर राहतो तेव्हा वेगळं बोलतो, खाली राहतो तेव्हा वेगळं. आमच्याकडे कालव्याच्या शेपटाला असलेल्या माणसाला हे वाक्य फोडून सांगावं लागणार नाही.

समितीची वही पाहिली. घरटी वर्गणी महिन्याला इतकी की तीन-चार बालेआदा यावेत. त्यातून औषध, क्लोरीन, फोन्तानेरोचा पगार. वीजबिलाचा रकाना कोरा. आमच्या गावच्या नळयोजनेचं वीजबिल थकून मोटार बंद पडलेले महिने मला आठवत होते, आणि मी त्या कोऱ्या रकान्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसलो.

गुरुवार, १० जानेवारी. रस्ता

ला एस्पेरान्सावरून सांता बार्बाराकडे. लेन्का आदिवासींचा मुलूख. ला एस्पेरान्सा ही बेर्ता कासेरेस यांची भूमी. ग्वालकार्के नदीवरच्या आग्वा सार्का धरणाला लेन्कांच्या बाजूने त्यांनी विरोध केला, २०१५ साली पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, मार्च २०१६ मध्ये राहत्या गावात गोळ्या घालून मारलं. आम्ही गेलो त्याच्या दीडेक महिना आधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सात जण दोषी ठरले होते. हाच पुरस्कार १९९२ मध्ये मेधा पाटकरांना मिळाला होता. गाडीत मी हे सांगितलं तर अमेरिकन मुलांना नर्मदाही ठाऊक नव्हती आणि मेधाताईही. आमच्या ड्रायव्हरने मात्र आरशातून बघून विचारलं, "आणि त्या जिवंत आहेत?" मी हो म्हटल्यावर त्याने मान हलवली, एवढंच.

दुपारी योहोआ तळ्याकाठी तळलेला अख्खा मासा आणि केळ्याचे काप. मासा इतका चांगला होता की गाडीतला विषय तिथेच थांबला. रात्री अंधारात मुक्कामाला पोहोचलो.

शुक्रवार, ११ जानेवारी. सांता बार्बारातलं एक गाव

या गावाचं नाव लिहीत नाही. पुढे जे आहे त्यात फजिती माझी असली तरी माणसं त्यांची आहेत.

इथले फोन्तानेरो पन्नाशीचे, सहावीपर्यंत शिकलेले, डोक्यावर पात्यांची टोपी. टोपी त्यांच्या बायकोने विणलेली. या भागात 'हुंको' नावाच्या पामसारख्या झाडाच्या पात्यांपासून टोप्या विणतात. केंद्र म्हणजे त्यांचं घरच. एका कोपऱ्यात चूल, एका खुंटीला रेडिओ, एका खुंटीला नळ्यांची वेटोळी. गढूळपणा मोजायचं यंत्र कापडात गुंडाळून ठेवलेलं. दिवसातून ठरावीक वेळी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा आकडा वहीत लिहायचा, मग फोनवर पाठवायचा. वहीतलं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

आता माझी डबी. औषध ज्या बारीक नळ्यांतून जातं त्या नळ्या कालांतराने तुंबतात, क्लोरीनच्या तर फारच. आतून चुन्याचा थर धरतो आणि तो व्हिनेगर घालून काढावा लागतो. नळी काढायची-बसवायची म्हणजे प्रत्येक वेळी ओढाताण. म्हणून मी एक जोड तयार केला होता. अर्धा फिरवला की उघडतो, अर्धा फिरवला की बसतो. आत गळती थांबवायला एक छोटी रबरी रिंग. कॉर्नेलच्या हॉलिस्टर हॉलच्या तळघरात मी तो पाचशे वेळा उघडून लावून पाहिला होता. आलेख होता त्याचा.

फोन्तानेरोंनी जोड उलटा-सुलटा करून पाहिला. रिंग नखाने उचकटून तळहातावर घेतली. मसूर डाळीएवढी.

"ही हरवली तर?"

मी म्हटलं, आम्ही जास्तीच्या दिल्यात. सहा.

"आणि त्या सहा हरवल्या तर?"

मी काहीतरी उत्तर दिलं. माझं स्पॅनिश असल्या वेळी मदतीला येत नाही. ते म्हणाले, "वाया पुएस." होंडुरासमध्ये हे प्रत्येक गोष्टीला म्हणतात: बरं, चालेल, येतो, बघू. मराठी कानाला त्यातला 'वाया' तेवढा ऐकू येतो. मी औषधाच्या नळीला जोड बसवला, फोटो काढले, इथाकाला पाठवले.

शनिवार, १२ जानेवारी. तेच गाव

जानेवारी हा इथे बऱ्याच भागात कोरडा, पण उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की या बाजूला पाऊस लागतो. संध्याकाळपासून भुरभुर होती. रात्री जोर धरला. मी आणि एक सहाध्यायी केंद्रावरच झोपायचा हट्ट धरून होतो. तिला रात्रीचे आकडे हवे होते, आणि मला जोडाचा पराक्रम बघायचा होता.

दोनच्या सुमाराला फोन्तानेरो उठून बसले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले, नाला बोलायला लागला. टॉर्च घेऊन पाण्यावर धरला तर आत येणारं पाणी दुधाच्या कॉफीसारखं. संध्याकाळी आकडा सहा होता. आता यंत्र चारशेच्या वर दाखवत होतं. त्यांनी तरफेवरची खूण बाहेर सरकवली. यंत्राकडे बघून नव्हे. शेवटच्या पडद्याजवळ टॉर्च पाण्यात तिरका धरून पुंजके किती मोठे, किती वेगळे दिसतात ते बघत होते. थोडं सरकवायचे, दहा मिनिटं थांबायचे, पुन्हा बघायचे. 'हातानं कळतं' म्हणणाऱ्या नानांना मी आयुष्यभर मनातल्या मनात हसत आलो. नानांच्या हाताला कळत असेलही. पण त्यांच्यापुढे बंद टाकी होती, आणि टाकलेल्याचं काय झालं ते दिसायला तीत काहीच सोय नव्हती. इथे हाताला डोळ्याची साथ आहे, एवढाच फरक.

तेवढ्यात औषधाची धार बारीक झाली. नळीत कचरा. त्यांनी माझा जोड अर्धा फिरवून उघडला. उघडला मात्र झकास, आलेखात होता तसाच. नळीतून फुंकर मारली, कचरा निघाला आणि त्याबरोबर रिंगही निघाली. टप्प आवाज झाला. खाली ओघळाची मोरी होती.

जास्तीच्या सहा रिंगा माझ्या बॅगेत होत्या. बॅग मुक्कामाच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मी रिंगेशिवाय जोड लावून पाहिला. औषध जोडातूनच ओघळायला लागलं, म्हणजे पाण्यात जायला हवं त्यापेक्षा कमी. निवळण्याच्या टाकीत वरचं पाणी हळूहळू पांढुरकं होऊ लागलं. सहाध्यायी आकडे लिहीत होती, ते मला ऐकू येऊ नयेत असं वाटत होतं. फोन्तानेरोंनी एक शब्द न बोलता गावाकडे जाणारी झडप बंद केली आणि पाणी बाहेर सोडून दिलं. मग खुंटीवरचं जुनं वेटोळं काढलं, माझा जोड चाकूने नळीसकट कापला, एका जाड नळीचा बोटभर तुकडा दोन्ही टोकांवर गरम पाण्यात बुडवून चढवला, वर तारेचा वेढा. दोन मिनिटं लागली असतील. धार पूर्ववत.

मग त्यांनी कॉफी केली. पाणी निवळेपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, आम्ही चुलीशी बसलो. मी माफी मागितली. ते म्हणाले, जोड चांगला आहे, उघडायला सोपा आहे. त्यांच्या चेहऱ्यावर उपहास शोधला, सापडला नाही. त्यांचा मोठा मुलगा ऑक्टोबरमध्ये सान पेद्रो सुलाहून अमेरिकेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या काफिल्यात उत्तरेला गेला होता. आता मेक्सिकोच्या सरहद्दीवर थांबलाय. जायच्या आधी वर्षभर याच केंद्रावर हाताखाली शिकत होता. "त्याला नाला ऐकू यायचा," ते म्हणाले. आता धाकट्या मुलीला शिकवताहेत. समितीतल्या दोघा-तिघांना ते पसंत नाही. मुलीला रात्रीबेरात्री केंद्रावर कशाला पाठवायचं, म्हणतात. "त्यांना म्हटलं, मग तुम्ही या."

पहाटे सव्वाचारला गावाची झडप उघडली. वहीत त्यांनी लिहिलं: पाऊस, नळी बदलली. माझा उल्लेख नाही. तो नसणंच मला पदकासारखं वाटलं.

रविवार, १३ जानेवारी. हार्डवेअरचं दुकान

सकाळी झोप न घेता थेट गावातल्या 'फेरेतेरिया'त. हार्डवेअरचं दुकान सगळीकडे सारखंच: खिळे वजनावर, दोरखंड छताला, काउंटरमागे न हसणारा मालक. मी रिंग दाखवली. त्याने भिंग लावून पाहिली, म्हणाला, असली सान पेद्रोला मिळेल, कदाचित. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधली जवळपास अशी असते, पण ती औषधात टिकेल का सांगता येत नाही.

मग मी उलटं विचारलं: इथे काय मिळतं? दोन तास लागले. तीन मापांच्या पारदर्शक नळ्या, पीव्हीसीचे टी आणि एल्बो, टेफ्लॉन टेप, तार, नळी आवळायच्या पट्ट्या. प्रत्येकाचं माप मी वहीत उतरवून घेतलं. आम्ही प्रयोगशाळेत ऑनलाइन मागवतो, दोन दिवसांत दारात. ही दुकानाची यादी आधी हातात असती तर तो जोड मी काढलाच नसता. मालकाने शेवटी विचारलं, काही घेणार आहात का? तेरा लेंपिराची तार घेतली.

दुपारी केंद्रावर बसून फोन्तानेरोंच्या जुगाडाचं चित्र काढलं. आत जाड नळीचा तुकडा, किती लांब, कुठे कापायचा, तार कितव्या वेढ्याला घट्ट होते. त्यांची मुलगी, पंधरा-सोळाची, माझ्या खांद्यावरून बघत होती. दोनदा चूक दाखवली. तारेचं टोक आत वळवायचं, नाहीतर बोट कापतं, हे तिचं.

संध्याकाळी सहाला आईला फोन लावला, तिकडे पहाटेचे साडेपाच. नाना अंगणात होते. आईने फोन त्यांच्या हातात दिला.

"काय रं, तिकडं बी पाणी गढूळच हाय म्हनं?"

मी सगळं सांगितलं, रिंगेसकट. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आमच्या टाकीवर बी असंच झालतं. क्लोरीनचं यंत्र आनलं व्हतं, चांगलं चालायचं. एक वायसर गेलं आन् बसलं ते बसलंच. आता त्यात कोंबडी अंडी घालती." वायसर म्हणजे वॉशर. हे यंत्र मी लहानपणी पाहिलं होतं, पण ते का बंद पडलं हे मी कधीच विचारलं नव्हतं.

याच पद्धतीचे छोटे प्रकल्प झारखंडमधल्या काही गावांत झालेत, हे मी त्यांना सांगितलं. "झारखंडात झालं म्हंजी आपल्यात यायला काय हरकत न्हाय," नाना म्हणाले. "पर विजेविना चालतंय म्हटल्यावर टेंडर कोन काढंल?"

सोमवार-मंगळवार, १४-१५ जानेवारी. सान पेद्रो सुला

निरोप घेताना फोन्तानेरोंनी हुंकोची टोपी दिली. मी उरलेले पाच जोड परत नेणार होतो. त्यांच्या मुलीने एक मागून घेतला. कशाला, विचारलं तर किल्ल्या अडकवायला.

सान पेद्रो सुलाला रात्री पोहोचलो. हॉटेलच्या टीव्हीवर याच शहराच्या बसस्थानकाचं थेट चित्रण चाललं होतं. नवीन काफिला निघत होता. पाठीवर सॅक, कडेवर मुलं, बाबागाड्या, पाऊस. स्वागतकक्षातला पोरगा आवाज बंद करून बघत होता. आमच्यातला एक जण म्हणाला, आपण उद्या विमानाने त्याच दिशेने जाणार. पुढे कुणी काही बोललं नाही. पाणी चांगलं आलं म्हणून कुणी गावात थांबत नाही, हे मला कळतं. खटावातून मुंबईला गेलेल्यांना मी काय पाण्यामुळेच गेले म्हणू?

सकाळी विमानतळावर फोन वाजला. फोन्तानेरोंचा मेसेज, वहीच्या पानाचा फोटो. आत येणारं पाणी ५.२, बाहेर जाणारं ०.३. खाली वेगळ्या, गोलसर अक्षरात: रात्री थोडा पाऊस. अक्षर मुलीचं असावं.

मी फोटो नानांना पाठवला आणि आकड्यांचा अर्थ खाली लिहून दिला. मायामीला उतरल्यावर त्यांचं उत्तर दिसलं. व्हॉइस मेसेज, सात सेकंदांचा.

"ते ठीक हाय. टीसीएल किती टाकत्यात, त्ये ईचार."